रिव्ह्यू कोणत्या मशीनवरचा, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जीटीए ६’ (ग्रँड थेफ्ट ऑटो ६) या व्हिडिओ गेमची तारीख पुन्हा पुढे गेल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांनी ठळकपणे दिली, याचे स्वागत. काही वर्षांपूर्वी कन्सोलवरच्या (टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनवरच्या) गेमला दोन ओळीही मिळत नसत. मात्र या बातम्यांत नवी तारीख, ट्रेलरचे व्ह्यूज आणि चाहत्यांचा हिरमोड, याच्या पुढे काही नसते. ठाणे-नवी मुंबईत ज्या घरात या एका गेमसाठी कन्सोल घ्यायचे चालले आहे, त्या घराच्या उपयोगाचे त्यात काहीच नाही. गेम येईल तेव्हा हेच होईल. परदेशी रिव्ह्यूंतला एक आकडा मथळ्यात येईल आणि त्या आकड्यावर लोक पैसे भरतील. तो आकडा कोणत्या मशीनवर, गेमच्या कोणत्या आवृत्तीवर आणि किती खेळून दिला, हे कोणी विचारणार नाही. हे वेळीच टाळता यावे म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तारखांचे पाहू. रॉकस्टार गेम्सने डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर दाखवला तेव्हा २०२५ साल सांगितले होते. मे २०२५ मध्ये त्याचे २६ मे २०२६ झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६. तो गुरुवार आहे. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे गेमच्या बरोबर अकरा दिवस आधी. दिवाळीच्या ऑफरमध्ये कन्सोल घेऊन ठेवू आणि गेम आला की डिस्क आणू, हा हिशेब कितीतरी घरांत मांडला जाणार. त्यात दोन अडचणी आहेत. कन्सोल घेतला जाईल त्या दिवशी गेमचा एकही रिव्ह्यू आलेला नसेल. दुसरे म्हणजे तारीख पुन्हा हललीच, तर वॉरंटीचे वर्ष बिलाच्या तारखेपासून चालू झालेले असेल, गेमच्या तारखेपासून नव्हे.

तारीख पुढे ढकलली म्हणजे गेम फसला असे नाही, आणि वेळ घेतला म्हणजे तो उत्तमच होणार असेही नाही. याच कंपनीचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आधी २०१७ च्या अखेरीस येणार होता, मग २०१८ च्या वसंतात, आणि आला २६ ऑक्टोबर २०१८ ला. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याला १०० पैकी ९७ गुण मिळाले. निन्टेंडोचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ २०१५ चा म्हणून जाहीर झाला आणि मार्च २०१७ मध्ये आला. आजही त्याचे नाव आदराने घेतात. उलट ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ १९९७ मध्ये जाहीर होऊन २०११ मध्ये आला आणि समीक्षकांनी त्याची सालटी काढली. नुसत्या विलंबावरून अंदाज बांधणे व्यर्थ आहे. कंपनीच्या नावावर विसंबण्यातही तोच धोका. रॉकस्टारनेच नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या तीन जुन्या जीटीए गेमचा नवा संच बाजारात आणला. तो इतक्या दोषांसह आला की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

पहिल्या रिव्ह्यूंवर विश्वास कुठपर्यंत ठेवायचा, हे समजून घ्यायला ‘सायबरपंक २०७७’ पुरेसा आहे. त्याची पहिली तारीख १६ एप्रिल २०२० होती. मग १७ सप्टेंबर झाली, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने गेम ‘गोल्ड’ झाल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला तो आणखी २१ दिवस पुढे ढकलून १० डिसेंबरवर नेला. कारण हेच दिले की जुने कन्सोल, नवे कन्सोल, पीसी आणि क्लाउड मिळून नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासून बाहेर काढायच्या होत्या. ‘गोल्ड’ म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की डिस्क छापायला द्यायची मूळ प्रत तयार झाली. डिस्क छापून, डबाबंद होऊन, जहाजाने-विमानाने दुकानात पोहोचायला काही आठवडे जातात. त्या काळात कंपनीची माणसे पहिल्या दिवशीच्या पॅचवर (इंटरनेटवरून येणाऱ्या दुरुस्तीवर) काम करत बसलेली असतात. डिस्कवर आहे तो गेम आणि आपण खेळतो तो गेम, यांत म्हणूनच अंतर पडते.

या गेमचे रिव्ह्यू ७ डिसेंबरला प्रसिद्ध झाले. समीक्षकांना केवळ पीसीची प्रत मिळाली होती आणि स्वतः चित्रित केलेला व्हिडिओ दाखवायची परवानगी नव्हती. कंपनीने दिलेलीच दृश्ये वापरायची होती. गुण नव्वदच्या आसपास होते. प्री-ऑर्डर (आगाऊ खरेदी) ८० लाख. तीन दिवसांनी पीएस-४ (सोनीचे प्लेस्टेशन ४) आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवाल्यांनी गेम लावला तेव्हा चित्र धूसर, रस्त्यावरची माणसे डोळ्यांदेखत उगवणारी, गाडी वेगात गेली की फ्रेम (हलत्या चित्रातली एकेक स्थिर चित्रे) गळणाऱ्या, आणि मध्येच गेम बंद पडून होम स्क्रीन समोर. आठवड्याभरात सोनीने हा गेम आपल्या डिजिटल स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो तिथे परत आला २१ जून २०२१ ला. मेटाक्रिटिकवर पीएस-४ च्या आवृत्तीचे गुण आजही ५७ दिसतात.

त्या पहिल्या समीक्षकांपैकी बहुतेकांनी खोटे लिहिले नव्हते. त्यांनी पीसीवर जे पाहिले ते लिहिले. घोटाळा पुढे झाला. बातमी देताना ‘पीसीवर’ हा शब्द गळाला आणि मथळ्यात फक्त नव्वद उरले. नंतर याच गेमची दुरुस्ती होत गेली, सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचनंतर तो नावारूपाला आला. पण ज्याने पहिल्या दिवशी पीएस-४ साठी पैसे मोजले, त्याच्या पदरात ते तीन वर्षांनी पडून काय उपयोग?

आता आपल्याकडच्या घरांत कोणती मशीन आहेत ते पाहा. ‘जीटीए ६’ फक्त पीएस-५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व सिरीज एस यांच्यासाठी जाहीर झाला आहे. पीएस-४ वर येणार नाही. पीसीसाठी जाहीर झालेला नाही, मोबाइलसाठी तर नाहीच. तरीही वाशी, ठाणे, डोंबिवलीच्या दुकानांत ‘हा पीएस-४ वर चालेल ना?’ हा प्रश्न रोजचा आहे, कारण जुन्यात सर्वांत जास्त विकले जाणारे मशीन तेच.

सिरीज एस आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला. तेव्हा सिरीज एक्स ४९,९९० चा होता. पंधरा हजारांचा फरक पाहून पुष्कळांनी एस घेतला, आणि त्या किमतीत ते मशीन चांगलेच आहे. मात्र त्याला डिस्कचा कप्पा नाही. पीएस-५ च्या डिजिटल आवृत्तीलाही नाही. दिवाळीत डिजिटल मशीन घ्यायचे आणि नोव्हेंबरात डिस्क बुक करायची, असा प्रकार होऊ नये म्हणून हे पुन्हा एकदा सांगतो: डबा नीट वाचा. पीएस-५ स्लिमच्या डिजिटल मॉडेलला वेगळा डिस्क ड्राइव्ह विकत घेऊन जोडता येतो आणि पहिल्यांदा जोडताना एकदा इंटरनेट लागते. सिरीज एसला तोही मार्ग नाही.

सिरीज एसची मेमरी १० जीबी, सिरीज एक्सची १६. हा फरक कागदावरचा नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला, सप्टेंबरमध्ये पीएस-५ वर, आणि एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला. एकाच टीव्हीवर पडदा दुभंगून दोघांनी खेळायची सोय सिरीज एसच्या मेमरीत बसत नव्हती. शेवटी एसवरून ती सोय वगळूनच गेम आणावा लागला. तेव्हा ‘एक्सबॉक्सवर उत्तम चालतो’ असे वाक्य रिव्ह्यूत दिसले, तर कोणत्या एक्सबॉक्सवर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरे टोक पीएस-५ प्रो या अधिक ताकदवान मशीनचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे मशीन जगभर आले तेव्हा भारतात आले नाही. त्याच्या वायफायला ६ गिगाहर्ट्झचा बँड लागतो आणि तो तेव्हा इथे खुला नव्हता. परदेशातले मोठे समीक्षक मात्र आता सर्रास प्रोवर खेळतात. तिथे ‘साठ फ्रेम’ (दर सेकंदाला) लिहिलेले असेल, तर ते ठाण्यातल्या २०२१ च्या पीएस-५ ला लागू आहे असे धरून चालू नये. ‘जीटीए ६’चा दुसरा ट्रेलर पीएस-५ वरच चित्रित केल्याचे आणि त्यात निम्मा खेळ, निम्मी कथादृश्ये असल्याचे कंपनीने सांगितले आहे. ही चांगली खूण आहे, पण ट्रेलरची दृश्ये वेचलेली असतात. एपीएमसीत आंब्याच्या पेटीचा वरचा थर पाहून कोणी भाव ठरवत नाही, खालचा थर उचकून पाहतो. रिव्ह्यूने ते उचकून पाहण्याचे काम करायचे असते.

तो खालचा थर म्हणजे फ्रेमची चाल. हा मुद्दा मराठीत कुठे नीट येत नाही, म्हणून जरा बारकाईने सांगतो. ३० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहायला हवी. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झचे, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र ताजे करणारे. प्रत्येक फ्रेम बरोबर दोन वेळा दिसली की चाल एकसारखी वाटते. समजा, गाडी चौकात वळते आहे, समोर गर्दी आहे आणि ती एक फ्रेम तयार व्हायला ३५ मिलिसेकंद लागले. टीव्हीची दुसरी फेरी तोवर उलटून गेलेली असते, त्यामुळे आधीचीच फ्रेम तिसऱ्यांदा दिसते आणि पडद्यावर ५० मिलिसेकंद थांबते. मशीनला उशीर झाला दोन मिलिसेकंदांचा, डोळ्याला झटका बसला सतराचा. असा झटका दर सेकंदाला एकदा बसला, तरी सरासरी साडेएकोणतीस फ्रेम भरते. रिव्ह्यूत छापून येते, ‘जवळजवळ पूर्ण ३०’. खेळणाऱ्याचे मात्र डोके दुखते, आणि नेम चुकतो तो वेगळाच.

म्हणून सरासरीपेक्षा फ्रेम-टाइमचा आलेख दाखवणारा रिव्ह्यू शोधावा. युरोगेमरच्या आश्रयाने नावाजलेले डिजिटल फाउंड्री हे काम वर्षानुवर्षे करत आले आहे. त्यांच्या व्हिडिओत एक रेघ धावते. ती सपाट असेल तर चाल सरळ आहे, तिला काटे उठत असतील तर गेम अडखळतो आहे. काटे कुठे उठतात तेही पाहायचे. कथादृश्यात उठले तर चालवून घेता येते, पाठलागात उठले तर नाही.

याच संदर्भात आणखी एक. हल्ली अनेक गेम ४० फ्रेमचा पर्याय देतात. तो प्रति फ्रेम २५ मिलिसेकंदांचा असल्याने ३० पेक्षा बराच सुखद वाटतो. पण २५ मिलिसेकंद बसायला टीव्ही १२० हर्ट्झचा लागतो आणि सहसा एचडीएमआय २.१ चा पोर्टही. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर हा पर्याय सहसा मेनूत दिसतच नाही. समीक्षकाने ‘४० वर खेळा, फार छान आहे’ म्हटले आणि आपल्याला तो सापडला नाही, तर मशीन बिघडलेले नाही. टीव्हीच्या मागचा पोर्ट आणि टीव्हीचा रिफ्रेश रेट तपासा. कन्सोलसोबत आलेलीच केबल वापरा.

पहिल्या रिव्ह्यूंत न येणारी मोठी गोष्ट म्हणजे ऑनलाइन खेळ. ‘जीटीए ५’ १७ सप्टेंबर २०१३ ला आला आणि रिव्ह्यूंनी त्याला डोक्यावर घेतले. त्याचा ऑनलाइन भाग दोन आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला सुरू झाला, आणि पहिले कित्येक दिवस लोकांना आतच शिरता येत नव्हते. ‘रेड डेड’चा ऑनलाइन भाग गेमनंतर महिन्याभराने आला. ज्या मुलांना मुळात मित्रांबरोबर ऑनलाइनच खेळायचे आहे, त्यांच्यासाठी पहिल्या दिवसाचे ९५ किंवा ९७ गुण निम्म्या गेमचेच असतात. शिवाय पीएस-५ वर असा ऑनलाइन खेळ खेळायला सहसा प्लेस्टेशन प्लसचे आणि एक्सबॉक्सवर गेम पासचे सशुल्क सदस्यत्व लागते. तो खर्च गेमच्या किमतीत धरलेला नसतो.

रिव्ह्यू ठरावीक वेळीच का येतात, हे आपल्या संपादकीय विभागाने तरी लक्षात घ्यावे. कंपनी समीक्षकांना काही दिवस आधी गेम उतरवायचा कोड पाठवते आणि एम्बार्गोची, म्हणजे त्याआधी काही छापू नये अशी, वेळ ठरवून देते. त्या मिनिटाला जगभरचे रिव्ह्यू एकदम सुटतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे दहा म्हणजे नोव्हेंबरात आपले रात्रीचे साडेआठ. पाने लागायच्या घाईत तेव्हा हाती लागतो तो मेटाक्रिटिकचा पहिला आकडा. तो सरसकट सरासरी नसून काही प्रकाशनांना जास्त वजन देऊन काढलेला असतो, आणि पहिल्या तासात तर कंपनीने निवडून कोड दिलेल्यांचाच असतो. शिवाय ‘रेड डेड २’सारख्या गेमची नुसती मुख्य कथा पन्नास तासांच्या आसपास जाते. आठवड्याभरात ती संपवून लिहिणारा समीक्षक धावतपळत खेळलेला असतो. काही प्रामाणिक मंडळी अशा वेळी गुण न देता ‘रिव्ह्यू चालू आहे’ असे लिहितात. मला ते अधिक विश्वासाचे वाटतात.

आधी कोड दिलेच नाहीत म्हणजे दाल में काला, हेही खरे नाही. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. कोणालाच आधी प्रत दिली नाही. पहिल्या तासात डिजिटल स्टोअर कोलमडली, रिव्ह्यू नंतर सावकाश आले आणि चांगले आले. अशा वेळी वाचकाला द्यायचा सल्ला एकच, चार दिवस थांबा.

खेळाडूंनी दिलेले गुण पहिल्या दिवशी तर पाहूच नयेत. ‘द लास्ट ऑफ अस २’ जून २०२० मध्ये आला तेव्हा काही तासांत हजारो शून्ये पडली. एवढ्या वेळात गेम कोणाचाही संपला नव्हता. त्यानंतर मेटाक्रिटिकने खेळाडूंच्या गुणांसाठी ३६ तास थांबण्याची अट घातली. आधी फुटलेल्या चित्रफितींवरून मत बनवणेही तसलेच. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘जीटीए ६’च्या अर्धवट कामाचे सुमारे ९० व्हिडिओ फुटले तेव्हा ‘हे ग्राफिक्स?’ म्हणून नाके मुरडणारे कमी नव्हते. रंग न चढवलेल्या भिंतीवरून घराचा दर्जा ठरवणाऱ्यांकडे काय लक्ष द्यायचे.

आता पैशांचे. काही दुकाने टोकन घेऊन नाव नोंदवतात. त्यात गैर काही नाही, फक्त पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या मशीनची आवृत्ती, डब्यात डिस्क आहे की नुसता कोड, आणि तारीख पुढे गेल्यास टोकन पूर्ण परत मिळेल की नाही. तोंडी आश्वासनावर राहू नये. बाका प्रसंग आलाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे पावतीच विचारतात. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर आहे का ते पाहावे. आखातातून आलेली डिस्क स्वस्त पडते आणि मशीनमध्ये चालतेही, पण गेममधली पुढची खरेदी त्या डिस्कच्या प्रदेशाशी जुळावी लागते. प्रदेश जुळला नाही तर भारतीय खात्यावरून घेतलेली भर तिला लागत नाही, आणि हे पैसे गेल्यावर कळते.

डिजिटल प्रत तर आगाऊ घ्यायचे काही कारणच नाही. ती संपत नाही. प्लेस्टेशन स्टोअरवर केलेली प्री-ऑर्डर साधारणपणे गेम येईपर्यंत रद्द करता येते, पण मुख्य गेम एकदा उतरायला लागला की परतावा मिळणे मुश्कील होते. प्री-लोड (तारखेआधीच गेम उतरवून ठेवणे) बहुधा आपोआप सुरू होतो. तरीही ज्यांना आगाऊ घ्यायचीच आहे त्यांनी ऑटो-डाउनलोड बंद ठेवावे, रिव्ह्यू वाचावेत आणि मगच बटण दाबावे.

जागेचे गणितही आधी करावे. पहिल्या पीएस-५ च्या ८२५ जीबीपैकी वापरायला मिळतात सुमारे ६६७. सिरीज एसच्या ५१२ पैकी सुमारे ३६४. ‘रेड डेड २’नेच शंभर जीबी ओलांडले होते, तेव्हा दीडशे तरी मोकळे ठेवावेत. यूएसबीची बाहेरची हार्डडिस्क पीएस-५ चा गेम साठवते, तिच्यावरून खेळता येत नाही. जागा वाढवायची तर आत एम-२ एसएसडी (साठवणीचे छोटे कार्ड) बसवावी लागते. ती पीसीआयई जेन-४ ची, वाचनाचा वेग ५,५०० एमबी प्रति सेकंद किंवा अधिक, आणि हीटसिंकसह (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसह) असावी. हीटसिंक धरून जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर कप्प्याचे झाकण बसत नाही. आतला छोटा स्पेसर कार्डाच्या लांबीप्रमाणे सरकवायचा असतो. तो जागच्या जागी ठेवून स्क्रू आवळला की कार्ड वाकते, आणि मग मशीन ते ओळखत नाही म्हणून कार्डालाच दोष दिला जातो. एक्सबॉक्सला त्याचे स्वतःचे एक्सपान्शन कार्ड लागते, एम-२ चालत नाही.

१०० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबी उतरायला कागदोपत्री सव्वादोन तास लागतात. राउटर हॉलमध्ये, कन्सोल आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती अशी स्थिती असेल तर हाती ४० एमबीपीएस येतात आणि साडेपाच तास जातात. लॅन केबल टाकलेली बरी. सोसायट्यांत जुन्या केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या आढळतात. अशी केबल १०० च्या वर जात नाही, मग प्लॅन ३०० चा घ्या नाहीतर ५०० चा. डाउनलोड चालू असताना वीज गेली तर सहसा ते पुढे चालू होते. नंतर मशीन रेंगाळू लागले, गेम दिसेनासे झाले, तर पीएस-५ पूर्ण बंद करून पॉवरचे बटण दुसरी बीप येईपर्यंत, सुमारे सात सेकंद, दाबून धरावे. कंट्रोलर यूएसबीने जोडून सेफ मोडमधून डेटाबेस रिबिल्ड करावा. गेम पुसले जात नाहीत. शेजारचा रिसेट पर्याय मात्र सगळे पुसतो, त्याला हात लावू नये.

पालकांसाठी तीनच वाक्ये. ‘जीटीए ५’ला युरोपात १८ वर्षांवरचे आणि अमेरिकेत १७ वर्षांवरचे रेटिंग होते, आणि नवा गेम त्याच घराण्यातला आहे. मुलाचे खाते ‘चाइल्ड अकाउंट’ म्हणून उघडले तर वयाची आणि मासिक खर्चाची मर्यादा पालकांच्या फोनवरून घालता येते. दिवाळीत कन्सोल घरी येईल त्याच संध्याकाळी हे करावे, नंतर राहून जाते.

‘जीटीए ६ मोबाइलवर’, ‘बीटा की मिळवा’ अशा लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात, आणि तारीख जवळ येईल तशा त्या वाढतील. गेम मोबाइलसाठी नाहीच, त्यामुळे अशी प्रत्येक एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची) फाइल बनावट आहे. ती टाकताना मागितलेली एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातो. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवावे. ही एक चौकट आपण आजच छापलीत तरी काही कुटुंबांचे पैसे वाचतील.

आणि शेवटी आपल्याकडे मागणे. १९ नोव्हेंबरच्या आगेमागे रिव्ह्यूंची बातमी द्याल, तेव्हा आकड्याखाली एक छोटी चौकट असावी. त्यात एवढेच: रिव्ह्यू कोणत्या मशीनवर केला, पहिल्या दिवशीचा पॅच टाकून की न टाकता, समीक्षकाने कथा पूर्ण केली का, ऑनलाइन भाग खेळला का, प्रत कंपनीने दिली की विकत घेतली, आणि साध्या पीएस-५ व सिरीज एसवरचे रिव्ह्यू आले आहेत की अजून यायचे आहेत. सहा ओळींचे काम आहे. रात्री साडेआठला एवढे जमणार नसेल, तर बातमी एक दिवस उशिरा द्यावी. ठाण्यातली दुकाने दुसऱ्या दिवशीही उघडी असतात.

आपला,
एक वाचक, वाशी, नवी मुंबई